स्मार्ट नावाची चुणचुण

माझ्या सासूबाईंना इंग्रजी शब्द मोजकेच येतात. टायम, डागदर, टेन्शन, असे. त्यातच एक 'इस्मार्ट'. हा शब्द त्यांनी माझ्या धाकट्या जावेला बहाल केला, आणि तेव्हापासून तो माझ्या घशात अडकून बसला आहे.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझा जळफळाट कशासाठी ते कळेल. मी जळगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. विशेषण म्हणजे काय, ते नामाच्या आधी कसं बसतं, हे पोरांकडून घोकून घेण्यात माझे केस पिकले. असोद्याच्या शेतकरी घरातली मी थोरली सून. सासूबाईंना सगळं घर आणि निम्मी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे लग्न करताना नवरा कसा निघेल याची मला फारशी काळजी नव्हती, सासू कशी निघते याची होती. सासू चांगली निघाली. नवऱ्याचंही बरं चाललं आहे.

अक्का मला कधी टाकून बोलल्या नाहीत. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची थोरली लय गुणाची." त्या 'गुणाची'वर मी कितीतरी वर्षं खूश होते. मग धाकट्या दिराचं लग्न झालं. मुलगी धुळ्याची, दीरही तिकडेच नोकरीला, म्हणजे संसार धुळ्यालाच होणार होता आणि असोद्याला येणं फक्त सणावारी. मी मनात म्हटलं, चला, लांबची आहे. जळगावहून असोदा मला हाकेच्या अंतरावर. रविवारी मोटारसायकलवर मागे बसायचं, केळीच्या बागा संपेपर्यंत गाव येतं. अक्का माझ्याच राहणार होत्या.

पहिला पोळा आला तेव्हा ती घरी आली. पोळ्याला आमच्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. खापर म्हणजे मातीचा मोठा, खोलगट तवा. तो चुलीवर पालथा घालतात आणि पोळी लाटण्यानं न लाटता दोन्ही हातांवर झुलवत झुलवत थेट कोपरापर्यंत वाढवून त्यावर टाकतात. अक्कांच्या हातावर ती पोळी अशी पसरायची की पलीकडची चूल दिसावी. माझ्या हातावर ती फाटायची. पुरण मनगटावरून ओघळायचं आणि मग खापरावर पोळी पडायच्या आधी मलाच चटका बसायचा. अक्का म्हणायच्या, "राहू दे वं माय. तुले शाळेत जा लागते. हात भाजशीन." मी निमूट बाजूला सरकून चुलीत लाकडं सारायची. अक्कांची माझ्यावर किती माया आहे, असं तेव्हा मला वाटायचं.

धाकटी पदर खोचून पडवीत आली, परातीतल्या पिठात बोट खुपसलं आणि आपल्या धुळ्याकडच्या अहिराणीत म्हणाली, "अक्का, तुम्हनं पीठ घट्ट शे."

नवी सून, अंगाची हळदही नीट उतरलेली नाही, आणि अक्कांच्या पिठाला नाव ठेवते! अक्कांनी वर बघितलं. "काय म्हनते?"

"घट्ट शे म्हनी राहिनू. मनी माय आखो सैल मळस."

"मंग तुह्या मायले सांग, इथी येऊन मळून दे."

"तिले कसाले? मीच मळस ना." आणि तिनं सरळ परात आपल्याकडे ओढली. अक्कांनी दुसरी कड धरली. थोडा वेळ परात दोघींच्या मधे ताणलेली होती. मग सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. पिठावरून लाकडांवर गेलं, लाकडांवरून धुळ्याच्या लोकांच्या गुळावर, तिथून असोद्याच्या लोकांच्या मिजाशीवर. बैल सजून दारात उभे, त्यांना ओवाळायला कुणी नाही. शेवटी मीच ताट घेऊन गेले. खरं सांगते, बैलांना ओवाळताना मला आतून गुदगुल्या होत होत्या. मी मनात म्हणत होते, गेली ही. पहिल्याच सणाला कायमची मनातून उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत डबा भरत होते. अक्का ओट्यावर शेजारणीशी बोलत होत्या. "आमची धाकली लय इस्मार्ट हाये बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले म्हने, पीठ घट्ट हाये. आन् व्हतंच घट्ट."

आणि दोघी म्हाताऱ्या खो खो हसल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर मी इंग्रजीची उपासना करायची, आणि घरात एकच इंग्रजी विशेषण वाटायला निघालं तर ते कुणाला मिळावं? जिला मोबाईलचं पॅटर्न सोडून इंग्रजीतलं काही पाठ नाही, तिला! मला काय, तर गुणाची. गुणाची तर गायसुद्धा असते.

शाळेच्या लायब्ररीत एक जाडजूड कोश आहे, इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारा. तो माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. मधल्या सुट्टीत मी तो काढला आणि हा 'स्मार्ट' मूळचा कुठला, ते शोधायला बसले. कुणाच्या घरी सोयरीक जुळवायच्या आधी आपण त्याच्या आजोळची चौकशी करतो ना, तशी. चांगलं काही निघू नये, एवढीच इच्छा होती.

आणि निघालं! हा शब्द मुळात हुशारीचा नाहीच. तो दुखण्याचा आहे. जुन्या इंग्रजीत स्मार्ट म्हणजे झोंबणारं, चुरचुरणारं. चाबकाचा फटका स्मार्ट असायचा, जखम स्मार्ट असायची. जर्मन भाषेत त्याची सख्खी बहीण आजही दुखणं या एकाच अर्थानं नांदते आहे, तिनं घर बदललं नाही. लॅटिनमधल्या चावण्याच्या क्रियेशीही त्याचं लांबचं नातं असावं, असं काही जाणकार म्हणतात. इंग्रजीत मात्र या शब्दानं हळूहळू हातपाय पसरले. फटका झोंबतो कारण तो झटकन बसतो, म्हणून झटपट चालणारा तो स्मार्ट. मग जिची जीभ झोंबते ती स्मार्ट. झोंबणारं बोलायला डोकं लागतं, म्हणून डोकेबाज तो स्मार्ट. त्यात उद्धटपणाही आला, वडीलधाऱ्यांना उलटून बोलणारं पोर स्मार्ट. पुढे कपड्यांवर गेलं, इस्त्रीची घडी मोडली नाही तो स्मार्ट. आणि आता तर माणसांची गरजच उरली नाही. फोन स्मार्ट, शाळेतला फळा स्मार्ट, विजेचा मीटरही स्मार्ट. आमचा स्मार्ट फळा पावसाळ्यात चालत नाही, ती गोष्ट वेगळी.

मी कोश मिटला तेव्हा मला फार बरं वाटत होतं. पण तास घेताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, स्मार्टला मराठीत काय म्हणायचं?" आणि मी सहज बोलून गेले, "चुणचुणीत." बोलले आणि जीभ चावली. चुणचुणीत! म्हणजे आपल्या लोकांनीही तेच केलेलं. चुणचुण म्हणजे जखमेवर मीठ पडल्यावर होते ती, आणि त्यातूनच चुणचुणीत मुलगी. आपण तिखट पोरगीही कौतुकानंच म्हणतो. एवढ्या लांबच्या दोन भाषा, एकमेकींचं तोंड न बघता एकाच गोष्टीवर येऊन थांबल्या होत्या, की जे झोंबतं ते माणसाला आवडतं. मला हे अजिबात आवडलं नाही. मी मुलांना शब्दार्थ लिहून घ्यायला सांगितले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

पुढची सगळी वर्षं हे असंच चाललं. धाकटी यायची, भांडायची, अक्का तणतणायच्या, आणि ती धुळ्याच्या बसमध्ये बसली की तिचंच नाव घेत बसायच्या. मी रविवारी पेढे घेऊन जायची. अक्का पेढा कपाळाला लावून खायच्या आणि म्हणायच्या, "कसाले आनले? खर्च कसाले करते?" धाकटी एकदा रिकाम्या हातानं आली, तर तिला म्हणाल्या, "हात हालवत आली काय वं? लाज नाही वाटली?" ती म्हणाली, "तुम्हले भेटाले उनू ना, आखो काय पाहिजे?" आणि अक्कांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. मला तो धपाटा दिसतो अजून. माझ्या पाठीत अक्कांनी कधी धपाटा घातला नाही.

गेल्या वर्षी अक्कांचा गुडघा पार गेला. असोद्याच्या घरात एकटीनं राहणं, उंबरे ओलांडणं, मोरीत पाणी उचलून नेणं होईना. दोघे भाऊ बसले, आता अक्का कुणाकडे राहणार यावर बोलले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "थोडं जळगावले राह्यते, थोडं धुयाले राह्यते. मंग सांगते." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लोकांच्या सुना सासू आपल्याकडे येऊ नये म्हणून नवस बोलतात. मी मात्र सासू मलाच मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. नवरा म्हणाला, "अगं, आई आहे ती, कुठेही राहिली तरी आपलीच." मी त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं. त्याची आई जिवंत होती, त्याला कसं कळणार?

पहिला नंबर माझा लागला. मी हवेशीर खोली रिकामी केली. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, खरबरीत फरशी टाकली, उंच कमोड बसवला. बाजारातून खापर आणून ठेवलं, गॅसवर चालणारं. जामनेरच्या एका बाईकडून ज्वारीचे बिबडे मागवले, कारण विकतच्या पापडाला अक्का नाक मुरडतात असं मला वाटत होतं. शाळेतून तासाभरासाठी घरी येऊन गरम वाढून परत जायची. अक्का एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं, "चालते मले." टीव्हीवर काय लावू, "तुमी पाह्यता ते लावा, चालते मले." सकाळी उठून स्वतःच्या चादरीची घडी घालायच्या, पायाशी ठेवायच्या. फ्रीज उघडायचा असला तरी आधी विचारायच्या. मी त्यांना किती वेळा सांगितलं, अक्का, घर तुमचंच आहे. त्या म्हणायच्या, "हो वं माय, माहंच हाये." आणि परत विचारायच्या.

खापर तसंच कोरं राहिलं. मी एकदा म्हटलं, "अक्का, करायच्या का पोळ्या? तुम्ही बसा, मी हाताशी आहे." त्या म्हणाल्या, "कसाले तुह्या मांगे तरास?" मला वाटलं, किती समजून घेतात. नवऱ्याला मी अगदी छाती फुगवून सांगितलं, "बघ, आपल्याकडे एकदाही आवाज चढला नाही. धुळ्याला बघ काय होतं ते."

धुळ्याला काय होतं ते बघायला मी स्वतःच गेले. अक्का तिकडे गेल्यावर मला घर खायला उठलं होतं, आणि धाकटीकडे त्यांचे हाल होत असतील अशी एक गोड शंकाही होती. पारोळ्यावरून जाणारी बस पकडली, मांडीवर सीताफळांची पिशवी. जिना चढतानाच अक्कांचा आवाज ऐकू आला. दार उघडंच होतं. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, पुढ्यात मेथीची जुडी. खुर्ची होती, पण तिच्यावर धुतलेले कपडे पडले होते. बाथरूमला दांडी नव्हती, तिथं आधाराला एक जुनं स्टूल ठेवलेलं. आणि दोघींचं अक्कांच्या गोळ्यांवरून जोरात जुंपलेलं.

"तुमी दवाई कथा टाकी दिन्ही? खरं सांगा."

"घेतली म्हनलं ना!"

"नही घेतली. मी गोया मोजेल शेत."

"मोज मोज, डागदरीन!"

मी दारात उभी. माझ्याकडे बघून अक्का सावरून बसल्या, पदर नीट केला, आवाज खाली आणला. "ये वं माय, ये. कशी आली? बसनं आली? तरास झाला आसंन." आणि धाकटीला म्हणाल्या, "तिले पानी दे ना आधी. बठ्ठे कपडे खुर्चीवर टाकून ठेवले, पाव्हनी आली तं बसाले जागा नाही."

पाव्हणी. मी कपडे बाजूला सारून खुर्चीवर बसले. खाली त्या दोघी मेथी निवडत परत गोळ्यांवर आल्या. 'बठ्ठे', म्हणजे सगळे, हा धाकटीचा अहिराणी शब्द अक्कांच्या तोंडात कधी आला, ते मला कळलं नाही. माझ्याकडे इतके दिवस राहून त्यांनी माझा एक शब्द उचलला नव्हता. मला तिथं बसल्या बसल्या इतका मत्सर वाटला की सीताफळं तशीच परत न्यावीत असं मनात आलं. भांडायला कुणीतरी मिळणं ही गोष्ट मत्सर करण्याजोगी असते, हे मला त्या खुर्चीत कळलं. मीही खाली बसायला गेले, तर अक्का घाईनं म्हणाल्या, "नको नको, तू वरच बस. साडी खराब हुईन."

दसऱ्याला सगळे असोद्याला जमलो, तेव्हा अक्कांनी सांगितलं. दोघे भाऊ समोर, आम्ही दोघी मागे. "मी धुयालेच राह्यते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "तुले शाळा राह्यते ना वं. दिवसभर पाय मोडतीन तुहे." मी हसले. "तुम्हाला बरं वाटेल तिथं राहा, अक्का," असं म्हणाले. मला ओरडायचं होतं. दांड्या कुणासाठी बसवल्या, खापर कुणासाठी आणलं, असं विचारायचं होतं. पण मी गुणाची. मी त्यांची बॅग भरून दिली, गोळ्या वेगळ्या डबीत घातल्या, वर एक शाल ठेवली.

आणि मग फोन सुरू झाले. उतरत्या दुपारी, माझी शाळा सुटल्यावर, धाकटी बाहेर गेली की अक्का मला फोन लावायच्या. आधी तब्येत, मग नातवंडं, आणि मग हळूच, "सांगू का तुले, हिनं काल काय केलं?" भाजीत तेल किती ओतते. पोरांना मोबाईल देऊन बसवते. अक्कांना न विचारता त्यांचं लुगडं कामवालीला दिलं. "लय शायनी समजते सोताले." मी ऐकायची आणि मला काय सुख व्हायचं! शाळेतून आल्यावर मी चहासुद्धा फोनशेजारीच घेऊन बसायची. नवऱ्याला सांगितलं, बघ, राहतात तिकडे, पण मन माझ्याजवळच मोकळं करतात. मी अक्कांना धीर द्यायची, "जाऊ द्या अक्का, तिचा स्वभावच तसा आहे." आणि मनात म्हणायची, सांगा, अजून सांगा. हिवाळाभर मी त्या गाऱ्हाण्यांवर पोसले.

परवा धाकटीचाच फोन आला. अक्का झोपल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं. मला राहवलं नाही. मी जरा मोठेपणानं म्हटलं, "तुझी फार धावपळ होत असेल ना गं? अक्का आता जरा किरकिऱ्या झाल्यात." ती हसली. माझ्याशी ती नेहमी शाळेतली मराठीच बोलते. "जरा? दिवसभर चालूच असतं, ताई. आणि तुमच्याजवळ गाऱ्हाणं करतात ना माझं? मला माहीत आहे. करू द्या, तेवढंच त्यांचं मन हलकं होतं."

माझा मोठेपणा तिथंच निम्मा झाला. तरी मी विचारलं, कशासाठी विचारलं देव जाणे, "आणि माझं? माझं काय गाऱ्हाणं करतात तुझ्याजवळ?"

"तुमचं?" तिला खरोखरच आठवावं लागलं. "तुमचं कधीच नाही, ताई. जळगावला होत्या तेव्हासुद्धा एकदाही नाही. मी मुद्दाम खोदून विचारायची, तर म्हणायच्या, थोरली लय चांगली हाये, तिच्याकडं काहीच कमी नाही. माझा तर जळफळाट व्हायचा बघा."

मी "बरं" म्हणाले, अक्का उठल्या की सांग म्हणाले, आणि फोन ठेवला. संध्याकाळ झाली होती, दिवा लावायचा होता, तो लावला नाही. घरातलं गाऱ्हाणं माणूस घरात सांगत नाही, ते बाहेरच्याकडे नेतो. अक्का ते रोज दुपारी माझ्याकडे आणत होत्या.